डाव्या हाताची सपरी

उंद्रीतल्या त्या घराची सपरी म्हणजे रस्ता आणि उंबरठा यांच्या मधली, पत्र्याखालची, पाच फूट रुंद आणि आठ फूट लांब जागा. घरात जे मावत नसे ते तिथं येऊन बसे. चपला, छत्र्या, खराटा, विळे, फवारणीचा पंप, सोयाबीनचे रिकामे कट्टे आणि एक पाय मोडलेली खुर्ची, जी टाकून द्यायची असं दरवर्षी ठरे. या सगळ्याच्या मधोमध, उंबरठ्याशी पाटावर, सिंधूताई बसलेल्या असत. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या दुपारा तिथंच जात. येणाऱ्याला आधी त्या दिसत, म्हणून पसारा कुणाला दिसत नसे.

ज्येष्ठात चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि सिंधूताई गेल्या.

त्यांची मुलगी महामाया मातीला आली होती तेव्हा सपरीत माणसांखेरीज काही दिसत नव्हतं; दोन महिन्यांनी आठ दिवसांची रजा काढून ती अमरावतीहून आली, तेव्हा सपरी रिकामी होती. सगळं सामान एका कोपऱ्यात जुन्या चादरीखाली ढकललेलं. धाकट्या भावाची बायको सारिका पदर खोचून भिंतीला पांढरा रंग देत होती. तिनं मान वळवली आणि हसून म्हणाली, "या ताई. भितीले टेकू नका, वली हाय."

महामायेनं बॅग हातातच धरून ठेवली. खाली ठेवायची तर कुठं, हे तिला कळेना. या घरात बॅग कुठं ठेवायची हे तिला पहिल्यांदाच कळत नव्हतं.

निमित्त साधं होतं. आषाढी पौर्णिमेपासून बौद्धांचा वर्षावास सुरू होता. गावातलं ग्रंथवाचन या वर्षी पाळीपाळीनं घरोघरी होत होतं आणि येत्या रविवारी ते या घरी येणार होतं. ही पाळी सिंधूताईंनीच उन्हाळ्यात मागून घेतली होती.

"तीस-पस्तीस माणसं येतीन," सारिका चहा देताना म्हणाली. "मोतीरामभाऊच्या इथं मागच्या खेपेले चपलाइचा असा ढीग झाला का म्हाताऱ्या माणसाले पाय ठेवाले जागा नाही. आपल्या दारात तसं नको. डाव्या भितीले कडप्पा बसवू. वर बसून चपला काढता येतीन, खाली चपला राह्यतीन. उजवीकडं खुंट्या, छत्र्याइसाठी. दोन कुंड्या. अन् माठ घेऊ आत."

"माठ आत?"

"आत."

"तो दारातच असतो," महामाया म्हणाली. "माय म्हणायची, दारात पाणी असावं, कोणाले मागा लागू नये."

"हाव, म्हणे माय," सारिका म्हणाली आणि कपबशा उचलून गेली.

माय. सासूला ती लग्न होऊन आली त्या दिवसापासून माय म्हणत आली होती. पंधरा वर्षांपूर्वी महामायेला त्याचं कौतुक वाटलं होतं. आता तोच शब्द आपल्या ताटातून कुणी उचलून घ्यावा तसा तिला लागला.

महामाया एका महाविद्यालयाची ग्रंथपाल. आयुष्यभर वाचत आलेली. मत्सराची नाना रूपं तिनं पुस्तकांतून पाहिली होती, आणि तो माणसाला किती लहान करतो यावर ती कुणालाही चांगलं तासभर सांगू शकली असती. त्याचा आता काडीचा उपयोग होत नव्हता. सारिकेच्या अंगावर मायचं निळ्या काठाचं जुनं लुगडं दिसलं की ती नजर दुसरीकडं वळवी. मायचा चष्मा कुठं आहे, मायच्या बँकेच्या पुस्तकात कुणाचा फोटो ठेवलेला आहे, तापात मायनं शेवटी काय मागितलं, हे सगळं सारिकेला ठाऊक. गल्लीतल्या बायका येत त्याही सारिकेच्या खांद्यावर हात ठेवून रडत आणि मग महामायेकडं वळून विचारत, "कधी आली? कधी जानार?"

कधी जाणार. पाहुण्याला विचारतात तसं.

पण तिच्याजवळ एक गोष्ट होती. ती कुणाला सांगितली नव्हती, पण मनात ती जपून होती. गेली दोन वर्षं ती घरी आली की माय पाटावरून म्हणायची, "माया, तू दे वं पाणी. तुझ्या हातचं." सारिका समोर उभी असली तरी पाणी माय मागायची ते महामायेकडं. मग ती उंच तिवईवरच्या माठातून ओगराळ्यानं पाणी काढायची आणि माय दोन्ही हात पुढं न करता, डाव्या हातानं पेला घेऊन, सावकाश प्यायची. सारिकेकडं दुसरं सगळं असेल, हे नव्हतं.

म्हणून माठ आत जाणार हे तिला सोसेना. कडप्पा बसला, कुंड्या आल्या, की ही सपरी सारिकेची होईल. मग घरही तिचं. आणि आपण अधूनमधून येणारी नणंद, जिला चहा विचारतात. तिनं हे स्वतःशी अगदी याच शब्दांत म्हटलं, आणि शब्द सापडल्यामुळं ते आणखीच खरं वाटायला लागलं.

तिनं भावाला गाठलं. धम्मरत्न चिखलीला कृषी केंद्रात कामाला होता. संध्याकाळी घरी आला की मोबाइल चार्जिंगला लावून स्वतःही पलंगावर आडवा व्हायचा.

"धम्मा, मायची सपरी आहे तशी ठेवली तर काय बिघडेल?"

"मले काय इचारते ताई? ते सारिकाचं खातं."

"तुझ्या आईचं दार आहे. सारिकाचं खातं कसं?"

त्यानं एक डोळा उघडला. "ताई, मी दोन बायाइच्या मधात कधी पडत नसतो. मायनंच शिकवलं."

शुक्रवारी दुपारी पाऊस थांबला, तसे नवराबायको कडप्पा आणायला चिखलीला गेले. घरात महामाया एकटी. तिनं सपरीच्या दारात उभं राहून पाहिलं. रंग वाळला होता. पांढरी भिंत, मोकळी फरशी. बाजारातलं दुकान भाड्यानं देण्याआधी असतं तसं. तिनं चादर ओढून काढली.

हे सामान कुठं असतं हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. उजवीकडं लोखंडी उंच तिवई, तिच्यावर माठ, माठावर झाकणी, वर खिळ्याला ओगराळं. त्याच भिंतीला डोक्याच्याही वर तीन खुंट्या. पहिलीवर छत्री, दुसरीवर मायची कापडी पिशवी, तिसरीवर बॅटरी. दाराआड खराटा. पाट उंबरठ्याच्या उजव्या अंगाला. तिवई तिनं ओढत आणली, पुसली, फरशीवरच्या दोन जुन्या गंजल्या डागांवर तिचे पाय बरोबर बसवले. डाग होतेच. हीच तिची जागा.

डाव्या भिंतीला मात्र तिला भलतंच दिसलं. कमरेच्या उंचीवर चार खिळे ठोकलेले होते, तेही ओळीत नाहीत. रंग देताना सारिकेनं ते काढले नव्हते. खिळ्यांच्या भोवतीनं ब्रश फिरवला होता. खिडकीच्या खालच्या गजाला जुन्या लुगड्याची पिळलेली दोरी बांधलेली, तिला तीन गाठी. काहीतरी वाळत घालायला असेल. महामायेला रागच आला. काय ही पद्धत. तिनं पकड आणली आणि चारी खिळे उपटले. शेवटच्या खिळ्याबरोबर बोटभर पोपडाही आला. दोरीच्या गाठी सुटेनात, तिनं त्या विळ्यानं कापल्या.

माठ धुतला, भरला. मग ती मागं सरून रस्त्यावर जाऊन उभी राहिली. सपरी होती तशी झाली होती. फक्त पाट रिकामा. तिकडं तिला पाहवेना, आणि तरी, खोटं कशाला, तिला थोडा विजयही वाटला. आता येऊ दे तिला कडप्पा घेऊन.

ती हात धुवायला आत गेली, आणि सारिकेच्या आधी सोजराबाई आल्या. शेजारच्या, सत्तरी उलटलेल्या, मायची जन्मभराची मैत्रीण. महिनाभर जानेफळच्या लेकीकडं होत्या, आत्ताच एसटीतून उतरून पिशवीसकट घराकडं निघालेल्या. सपरीसमोर त्या थांबल्या आणि त्यांचा सुरकुतलेला चेहरा उजळला.

"आली का वं माया? रस्त्यावरूनच म्हटलं, माया आली."

"कसं ओळखलं आजी?" महामाया बाहेर येत म्हणाली, "मी तं आत होती."

"आता सपरी पाहून." सोजराबाई पाटावर टेकल्या. "तू यायची असली का सपरी अशीच व्हाये. माठ इकडं तिवईवर, छत्री वर आभायात. आदल्या दिवशीच मी समजो. म्हणो, सिंधूबाई, उद्या लेक येऊन राह्यली ना. तं ते हासे."

महामायेला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "मी यायची असली की म्हणजे? एरवी कशी असायची?"

"एरवी सारं डाव्या अंगाले." सोजराबाईंनी डाव्या भिंतीकडं हात केला. त्यांची नजर ताज्या भोकांवर गेली, खिडकीच्या गजावर गेली. त्या पिशवीचे बंद उगाच नीट करू लागल्या.

"आजी, डाव्या अंगाले काऊन?"

"तुले सांगतलंच नाही का अजून कोणी?" त्यांनी सुस्कारा सोडला. "आता काय लपवाचं. जे लपवे, तेच गेली. बांधावरून पडली होती सिंधू. दोन वर्सं झाले. उजवा खांदा गेला. हात एवढा वर जाये," त्यांनी स्वतःचा हात छातीपर्यंत उचलून दाखवला, "याच्यावर नाही. डाक्टर झाले, लेप झाले, तेल झालं. त्या उंच माठाले तिचा हात कुठं पुरे पोरी? तिथं हात घातला तं माठच अंगावर येईन."

महामायेनं वळून माठाकडं पाहिलं. तू दे वं पाणी. तुझ्या हातचं. डाव्या हातानं घेतलेला पेला. उजवा हात मांडीवर, पदराखाली.

सोजराबाई थोडा वेळ बसल्या, त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि गेल्या. माल-ऑटो दाराशी थांबेपर्यंत ती तिथंच उभी होती.

सारिका आधी उतरली. तिनं सपरी पाहिली आणि एक पाय पायरीवर, एक खाली, अशी थांबली. कुणाचं तरी जेवणाचं ताट पाहावं तसं तिनं एकेका वस्तूकडं पाहिलं. तिवई. खुंट्या. मग डावी भिंत.

"खिळे?"

"काढले."

"टाकले का?"

"डब्यात आहेत."

धम्मरत्नानं आणि ऑटोवाल्यानं कडप्पा भिंतीला उभा करून ठेवला. धम्मरत्नानं एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा बहिणीकडं, आणि ऑटोवाल्याला म्हणाला, "चाल बे, तुले चहा पाजतो चौकात." दोघं गेले.

"सोजराआजी येऊन गेल्या," महामाया म्हणाली.

सारिका पायरीवर बसली. पायातली चप्पल तिनं काढली नाही. "मंग समजलं तुमाले."

"दोन वर्षं. दोन वर्षं तुम्ही सगळे मिळून मले पाहुणी केलं. मी यायची म्हटलं की सामान हलवून ठेवायचं, नाटकातलं घर मांडतात तसं. गल्लीला माहीत, सोजराआजीला माहीत. मले नाही."

"मी नाही केलं ताई, मायनं केलं. तुमचा फोन आला का म्हणे, सारिका, लाव वं सपरी. मी तिवई चढवो, खिळे अन् दोरी कट्ट्याइआड झाको, माय पाटावरून सांगे, डागावर ठेव, माया डाग पाहाते. तुम्ही गेल्या का पुन्हा माठ खाली दोन इटावर, तिच्या डाव्या हाताशी. चार खिळे तिच्या हाताच्या मापानं ठोकले व्हते, तिले बसवून. दोरी धरून उठे ते."

कापलेली दोरी खिडकीखाली पडली होती. दोघींनीही तिच्याकडं पाहिलं नाही.

"एक फोन करता आला नाही तुला?"

"दोनदा नंबर लावून फोन हातात देल्ला तिच्या. म्हटलं, सांगा ताईले. तं तुमच्याशी पाऊसपाणी बोलून ठेवून देल्ला." सारिकेनं गुडघ्यावरचा कडप्प्याचा काळा भुगा झटकला. "मले म्हणे, मायाले समजलं तं ते मले अमरावतीले नेईन. तिसऱ्या माळ्यावर खिडकीपाशी बसवंन. अन् रोज संध्याकाळी पुस्तक वाचून दाखवंन. मले दार पाह्यजे, म्हणे. खिडकी नाही."

महामायेनं तोंड फिरवलं. हसू येत होतं आणि ते येऊ नये असं वाटत होतं, कारण ते खरं होतं. तिनं नेलंच असतं. दोन आकारांच्या उशा आणून ठेवल्या असत्या. पुस्तकही निवडून ठेवलं असतं. आणि ही बाई, जिनं लग्नानंतर एक पुस्तक पुरं वाचलं नसेल, मायला तिच्याहून बरोबर वाचत होती. या विचाराबरोबर पुन्हा तीच कळ आली. दुःखाहून ती जास्त ओळखीची झाली होती.

"म्हणून पाणी मागायची माझ्याकडं," ती म्हणाली. "हात पुरत नव्हता म्हणून."

सारिका लगेच म्हणेल, नाही हो ताई, तुमच्या हातचं तिले आवडे, असं तिला वाटलं. त्याची तिनं वाटही पाहिली.

"ते मले नाही माईत," सारिका म्हणाली. "ते तिलेच माईत. माझ्याकडं तिनं कधी मागतलं नाही, मी द्यायच्या आधीच राहो समोर." मग म्हणाली, "ताई, जळाले काय तुमी एकल्याच हाय का? दोन वर्सं मी तिची वेणी घातली. अन् आरशात पाहून म्हणे काय, माया सैल घालते, ते बरं वाटते. तुमी यायच्या दिवशी सकाळपासून अंगठी घालून बसे. मी तिची नखं काढो, पाय धुवो. माझ्यासाठी नाही घातली तिनं अंगठी कधी."

रस्त्यानं शाळेतून पोरं चालली होती. एकजण सवयीनं आत आला, टाचा उंचावून माठातून पाणी प्यायला, ओगराळं परत अडकवून गेला. दोघी त्याच्याकडं पाहत राहिल्या.

"म्हणून मी माठ आत नेत व्हती," सारिका म्हणाली. "मले तो इथं पाहावत नाही. पोरं पितात तं पिऊ द्या, आतून देईन, असं म्हटलं व्हतं."

महामाया आत गेली. डब्यातून चार खिळे घेऊन आली आणि सारिकेसमोर धरले. "खरी कशी होती ते लावून दाखव मले. एकदा. मग कडप्पा बसव."

सारिकेनं चप्पल काढली. तिनं काही शोधलं नाही की मापलं नाही. दोन विटा आणून डाव्या भिंतीशी ठेवल्या, माठ पोटाशी धरून खाली उतरवला, ओगराळं घरात ठेवून झाकणीवर पेला उपडा घातला. जुन्या भोकांत खिळे दगडानंच ठोकले. छत्री, पिशवी, बॅटरी, आणि चौथ्याला चष्म्याची डबी, जी महामायेनं कधी तिथं पाहिलीच नव्हती. दोरीचे तुकडे जोडून पुन्हा गाठ मारली. ती आता आखूड झाली होती. शेवटी पाट सरकवला, थोडा तिरपा.

"तिरपा कशाला?"

"तिकडून एसटी दिसते."

महामाया पाटावर बसली. उजवा हात तिनं मांडीवर ठेवला आणि डावा लांब केला. पेला हाताला लागला. माठाची झाकणी लागली. पिशवी लागली. न उठता, न वळता सगळं हाताशी येत होतं, आणि समोर मोतीरामच्या घरापलीकडं रस्ता वळणापर्यंत दिसत होता. ही सपरी तिनं कधीच पाहिली नव्हती. इतकी नीट जागा तिनं मायच्या आयुष्यात दुसरी पाहिली नव्हती, आणि ती लावली होती दुसऱ्या कुणीतरी. तिला वाटलं होतं, सगळं कळल्यावर मन मोकळं होईल. तसं काही झालं नाही. हेवा होता तिथंच होता. फक्त आता तो कशाचा आहे हे तिला नेमकं दिसत होतं: विटा किती ठेवायच्या, पाट किती तिरपा, हे माहीत असण्याचा.

"कडप्पा किती उंचीवर बसवणार?" तिनं विचारलं.

"दीड फूट म्हणत व्हते हे."

"सोजराआजींना दीड फुटावरून उठता येणार नाही. वर घे अजून चार बोटं. आणि खिडकीच्या या बाजूला घे. गज धरून उठतील."

सारिकेनं वीत लावून पाहिली आणि मान डोलावली. "आन् माठ?"

"तुला पाहवत नसेल तर ने आत."

सारिकेनं वाकून माठावरची झाकणी सारखी केली. "राहू द्या रविवारपर्यंत," ती म्हणाली. "मंग पाहू."

अंधारून येऊ लागलं तसे धम्मरत्न आणि गवंडी आले. दोघींनी सामान पुन्हा कोपऱ्यात नेलं, या खेपेला महामायेनं एक टोक धरलं. भिंतीचा पोपडा गेलेली जागा सारिकेनं उरलेल्या रंगानं बुजवली. चार खिळे तिनं तसेच ठेवले.

"सारिका," महामाया म्हणाली, "यापुढं मी फोन करून येणार नाही."

सारिकेनं ब्रश डब्याच्या काठाला निरपला. "नका करू. पण मंग घरात जे असंन ते खा लागंन. अन् मी कधी भांडत असंन तुमच्या भावाशी, तं तेही पाहा लागंन."

"पाहीन."

"मधात पडाचं नाही."

"नाही पडणार," महामाया म्हणाली, आणि पायात येणारी मोडकी खुर्ची उचलून रस्त्याच्या कडेला ठेवून आली.